परदेशातील अभ्यासदौरा : पूर्वतयारी आणि फलश्रुती

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा प्रामुख्याने शेतीवर अवलंबून आहे. सुमारे ७०० मिलिमीटर सरासरी पर्जन्यमान, त्यातही वारंवार पडणारा खंड, आणि कापूस, मका, सोयाबीन, मोसंबी व द्राक्षे ही येथील पिके. असे असूनही या जिल्ह्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध जुना आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे बियाण्याचा उद्योग उभारला आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्काराने गौरविण्यात आले. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कडवंची परिसरातील द्राक्षबागा पाहण्यासाठी दूरदूरचे शेतकरी येत असतात.

आता या जिल्ह्यातील शेतकरीही परदेशातील शेती पाहण्यास जाऊ लागले आहेत. राज्याच्या कृषी विभागातर्फे शेतकऱ्यांसाठी देशाबाहेरील अभ्यासदौऱ्यांची योजना राबविण्यात येते. अलीकडील वर्षांत या योजनेखाली खर्चाच्या ५० टक्के किंवा दरडोई १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढे अनुदान देण्यात आले आहे. उरलेला खर्च शेतकरी स्वतः सोसतो. म्हणजे अशा प्रत्येक प्रवासात जनतेचा पैसा आणि एका कुटुंबाची बचत अशा दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. आठ-दहा दिवसांच्या या दौऱ्यातून गावात नेमके काय येते, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रवाशाचा राहत नाही. तो गावाचाही होतो. दौऱ्याचे फळ बहुतांशी निघण्यापूर्वीच्या तयारीवर ठरते. ही तयारी कशी असावी आणि तीत शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी कोणता वाटा उचलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोजनाची स्पष्टता

परदेशगमनाची महाराष्ट्राची परंपरा अभ्यासाची आहे. आनंदीबाई जोशी यांनी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्ता येथून अमेरिकेसाठी प्रस्थान ठेवले. त्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले. आपण का जातो, येथेच शिक्षण का घेत नाही, एकटीने का जातो, परतल्यावर समाजाने वाळीत टाकले तर काय, अशा लोकांच्या मनातील प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. १८८६ मध्ये त्या वैद्यकीय पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या. अठरा वर्षांच्या त्या तरुणीने जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी आपले प्रयोजन चारचौघांत सांगितले होते, ही गोष्ट आजच्या प्रवाशानेही ध्यानात घेण्यासारखी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा तो करार होता. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या प्रवासास परतफेडीची बाजू असते, हे त्या काळीही लेखी मान्य केलेले होते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी तेथील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. जे पाहिले ते न गेलेल्यांच्या हाती देणे हे त्यांनी आपले कर्तव्य मानले.

प्रयोजन जाहीर करणे, उत्तरदायित्व स्वीकारणे आणि वृत्तान्त देणे हा त्या प्रवासांचा धडा आहे. जालना, भोकरदन किंवा घनसावंगी तालुक्यातून निघणाऱ्या शेतकऱ्यासही तो तंतोतंत लागू पडतो.

प्रथम आपले गाव पाहावे

परदेशातील शेती समजण्यासाठी आपली शेती आकड्यांत माहीत असणे अगत्याचे आहे. आपल्या विहिरीस मार्चअखेर किती पाणी असते, शेततळ्यात किती लिटर साठते, एकरी खर्च किती, उत्पन्न किती, मजुरीवर किती जातो, मालास कोणत्या महिन्यात कोणता भाव मिळाला, ही माहिती एका वहीत लिहून घ्यावी. परदेशातील शेतकरी पाहुण्यास पहिला प्रश्न विचारतो तो याच स्वरूपाचा. ‘बरे पिकते’ या उत्तराने तेथे संभाषण पुढे सरकत नाही.

दुसरी तयारी जिल्ह्यातच करता येते. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने काम झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने उपचार, बांधबंदिस्ती, समतल चर, श्रमदान आणि चराई व वृक्षतोड यांवर गावाने स्वतः घातलेले निर्बंध हा त्या कामाचा गाभा होता. शेततळी, ठिबक सिंचन आणि द्राक्षबागा ही त्यानंतरची पायरी. म्हणूनच २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळात कडवंचीच्या बागा तग धरू शकल्या.

येथे परदेशी अर्थसाह्य होते, तांत्रिक विचारही बाहेरून आलेला होता; परंतु तो येथील मातीस, उतारास आणि ग्रामसभेच्या निर्णयास जुळवून घेतला गेला. परदेशी निघालेल्या शेतकऱ्याने एक दिवस कडवंचीत काढावा. बाहेरची कल्पना गावात कशी रुजते, हे ज्याने जवळून पाहिले त्यास परदेशात काय शोधायचे हे अधिक चांगले कळते.

या दोन गोष्टींच्या आधारे दहा प्रश्नांची यादी करावी. त्यांतील पाच प्रश्न आपल्या शेतीचे असावेत व पाच गावाचे. गावाचे प्रश्न ग्रामसभेतून किंवा शेतकरी गटाच्या बैठकीतून घ्यावेत. शाळेतील शिक्षकांनी नकाशावर त्या देशाचे स्थान, हवामान, पर्जन्यकाल आणि आपल्या घड्याळाशी असलेले अंतर समजावून द्यावे. मुलांसाठीही तो भूगोलाचा जिवंत पाठ ठरतो.

देश आणि हंगाम

दौरा ठरविताना पिकांचे वेळापत्रक समोर ठेवणे आवश्यक असते. युरोपातील द्राक्षांची काढणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि नेमकी त्याच वेळी आपल्याकडे फळछाटणी असते. चिलीतील द्राक्षहंगाम आपल्या काढणीच्या दिवसांशी जुळतो. त्यामुळे द्राक्ष उत्पादकाने काढणी पाहण्याचा आग्रह धरल्यास घरची बाग दुसऱ्यावर सोपवावी लागते. वेलींची वाढ, कलमांची रोपवाटिका, शीतगृहे आणि बाजारव्यवस्था हे विषय इतर महिन्यांतही पाहता येतात. भूमध्य समुद्राच्या भोवतीच्या देशांत संत्रावर्गीय फळांची काढणी हिवाळ्यात चालते. मोसंबी उत्पादकास फेब्रुवारीतील दौरा अधिक उपयुक्त ठरावा. दक्षिण गोलार्धातील ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ऋतू आपल्या उलट असतात, हेही विसरू नये.

ज्या देशात अशांतता आहे किंवा होण्याचा संभव आहे, तेथे जाण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहणे अनिवार्य समजावे. दौऱ्याची तारीख पुढे गेली तर नुकसान थोडे होते. परक्या देशात अडकून पडल्यास मोठे.

पाहावे ते काय

इस्राएलमध्ये ठिबक सिंचन पाहिले नाही असा पाहुणा नसतो. ठिबकच्या नळ्या मात्र आज जालन्याच्या बाजारातही मिळतात. तेथे खरे पाहण्यासारखे आहे ते पाण्याचे मोजमाप. १९५५ च्या कायद्याने तेथे पाणी मोजून देणे बंधनकारक झाले आणि १९५९ च्या कायद्याने सर्व जलस्रोत सार्वजनिक मालकीचे ठरले. शेतकऱ्यास पाण्याचा ठरावीक वाटा मिळतो, तो मीटरवर मोजला जातो आणि त्याची किंमत द्यावी लागते. शहरांतील सांडपाण्यापैकी चार पंचमांशांहून अधिक पाणी शुद्ध होऊन शेतीकडे वळते. नळीचे छायाचित्र घेऊन परतणाऱ्यापेक्षा ‘तुमच्या पाण्याचा वाटा कोण ठरवितो, आणि दुष्काळात तो कसा कमी होतो’ हे विचारून परतणारा गावास अधिक देऊ शकतो.

त्याबरोबर फरकही नोंदवावेत. तेथील पाऊस हिवाळ्यात पडतो, आपला पावसाळ्यात. दक्षिणेकडील नेगेव्ह भागात तो आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही क्वचितच असतो. तेथील वालुकामय जमिनीत पाणी देण्याचे प्रमाण आणि आपल्या काळ्या जमिनीतील प्रमाण एक असू शकत नाही. असा फरक न नोंदविता केलेले अनुकरण महाग पडते.

नेदरलँड्समधील आल्समेर येथील फुलांचा लिलावही असाच अभ्यासनीय आहे. तेथे भाव वरून खाली उतरत जातो आणि जो खरेदीदार तो प्रथम थांबवितो, त्यास माल मिळतो. लिलाव चालविणारी संस्था उत्पादकांची सहकारी संस्था आहे. मालाची प्रतवारी आधीच ठरलेली असते, म्हणून सौदा काही क्षणांत होऊ शकतो. जालना येथील कृषि उत्पन्न बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची खुली बाजारपेठ सुरू झाली. त्यापूर्वी कोषांच्या विक्रीसाठी येथील शेतकऱ्यांना कर्नाटकातील रामनगरम गाठावे लागे. प्रतवारीवर विश्वास कसा निर्माण होतो, वादाचा निवाडा कोण करतो, पैसे किती दिवसांत मिळतात, हे आल्समेर येथे विचारण्याचे प्रश्न जालन्याच्या कोष उत्पादकाच्याही उपयोगाचे आहेत.

त्याच देशातील रॉटरडॅम बंदरातून आपली द्राक्षे युरोपात प्रवेश करतात. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातदार व बागायतदारांना मोठा फटका बसला. बागेत मारलेल्या फवाऱ्याची नोंद सहा-सात हजार किलोमीटरवरील खरेदीदार का मागतो, हे तेथील आवेष्टनगृहात उभे राहून पाहिलेल्या शेतकऱ्यास पुन्हा सांगावे लागत नाही.

कागदपत्रे

पारपत्रासाठी अर्ज आता संगणकीय पद्धतीने करावा लागतो. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही सेवा केंद्रे सुरू होऊ लागल्याने ग्रामीण अर्जदारांचे हेलपाटे कमी झाले आहेत. प्रौढांच्या पारपत्राची मुदत दहा वर्षांची असते. परंतु अनेक देशांना प्रवासाच्या वेळी त्यात किमान सहा महिने शिल्लक असावे लागतात. घरातील पारपत्र केव्हा संपते, हे आजच पाहून ठेवावे.

सर्वांत अधिक अडचण नावाची होते. सात-बारा उताऱ्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. वडिलांचे किंवा पतीचे नाव कोणत्या रकान्यात लिहावयाचे, आडनाव कोणते, विवाहानंतर नाव बदलले आहे की नाही, हे एकदा ठरवून सर्व कागद एकसारखे करून घ्यावेत. ग्रामपंचायत व तलाठी कार्यालयांनी याबाबत वेळीच साह्य केल्यास कित्येकांची निवड वाया जाणार नाही. दौऱ्यासाठी अर्ज करणाऱ्यांत महिला शेतकऱ्यांची संख्या वाढावयाची असेल, तर सात-बारावर त्यांचे नाव असणे ही पहिली पायरी होय.

युरोपातील शेंगेन देशांच्या प्रवेशपत्रासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. सुटीच्या हंगामात दोन महिने हाती ठेवणे शहाणपणाचे. बँकेच्या खात्याचा उतारा, जमिनीचे कागद व उत्पन्नाचा दाखला यांची इंग्रजी भाषांतरे तयार ठेवावीत. प्रवासासाठी परकीय चलनाच्या नोटा बहुतेक देशांकरिता ३ हजार डॉलरच्या मर्यादेतच नेता येतात. उरलेली रक्कम कार्डावर भरून घ्यावी. सर्व कागदांच्या दोन प्रती काढून एक घरी व एक सहप्रवाशाकडे ठेवावी.

जालन्याहून मुंबईस रेल्वेने अथवा समृद्धी महामार्गाने जाता येते. तथापि विमान सुटण्याच्या दिवशीच घरून निघणे धोक्याचे आहे. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचावे आणि उड्डाणापूर्वी तीन ते चार तास विमानतळावर हजर राहावे.

सामान, आहार आणि आरोग्य

परदेशी निघालेल्या माणसास घरचे लोक प्रेमाने शिदोरी बांधून देतात. परंतु प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात. युरोपीय संघात प्रवाशांना दूध व मांस यांचे पदार्थ बाहेरून नेण्यास मनाई आहे. म्हणजे पेढे व तूप घरीच ठेवावे लागतात. आखाती देशांत खसखस हा अमली पदार्थांच्या वर्गात मोडतो. अनारशांवरील किंवा मसाल्यातील खसखशीमुळेही प्रवासी गंभीर अडचणीत येऊ शकतो. सिंगापूरमध्ये खाण्याच्या तंबाखूस बंदी आहे. भाजलेले शेंगदाणे, चिवडा, दशम्या असे कोरडे पदार्थ पुष्कळ ठिकाणी चालतात. मात्र विचारले असता ते उघड करून दाखवावेत. छाटणीची कात्री, चाकू यांस हातातील सामानात परवानगी नसते.

मधुमेह वा रक्तदाबाची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत. ब्राझील, पेरू यांसारख्या देशांतून परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. ही लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते आणि ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. चालण्याची सवय असलेले पादत्राण न्यावे. नवे जोडे घालून निघणाऱ्यास दुसऱ्याच दिवशी शेत पाहण्याऐवजी पाय पाहत बसावे लागते.

खिशातले बियाणे

आता सर्वांत नाजूक विषय. बियाण्याचा व्यवसाय ज्या जिल्ह्याच्या अंगी मुरलेला आहे, तेथील शेतकऱ्यास परदेशातील उत्तम वाण पाहून मूठभर बी किंवा एखादी काडी खिशात टाकावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांवाचून बियाणे, रोपे, कलमे वा माती देशात आणता येत नाही.

यामागील कारण आपल्या बांधावर उभे आहे. गाजरगवताची पहिली नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यास पुणे येथे झाली आणि ते अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर आले, असे मानले जाते. आज असे गाव नाही जेथे ते नाही. मूळ अमेरिकेतील लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत व २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि पाहता पाहता आपल्या मक्याच्या शेतांत शिरली. काडीबरोबर येणारा विषाणू डोळ्यांस दिसत नाही. एका पाहुण्याच्या हौसेची किंमत सगळ्या तालुक्यास मोजावी लागू शकते.

हाच नियम उलट दिशेनेही लागू होतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे प्रवेश करताना जोड्यांस माती लागलेली असल्यास तसे लिहून द्यावे लागते. लपविल्यास दंड होतो. म्हणून शेतातील जोडे धुऊन, वाळवून न्यावेत आणि परततानाही तसेच करावे. एखादा वाण खरोखर उपयुक्त वाटल्यास त्याचे नाव, संस्था व पत्ता लिहून आणावा व कृषि विद्यापीठास किंवा कृषि विज्ञान केंद्रास कळवावा. तो रीतसर मागविण्याची यंत्रणा देशात आहे.

परतल्यानंतर

दौऱ्यातील प्रत्येक रात्री अर्धा तास वही लिहिण्यास द्यावा. वहीचे चार रकाने पुरेत : काय पाहिले, तेथे ते कशामुळे चालते, आपल्याकडे काय निराळे आहे, आणि आपण पहिला लहान प्रयोग कोठे करणार. चौथ्या रकान्यात ‘गटात चर्चा करू’ असे लिहून भागत नाही. पाच गुंठे, दहा झाडे, एक पाळी पाणी, असे मोजता येण्याजोगे काही तेथे असावे. प्रयोग फसला तरी नुकसान मर्यादित राहते आणि साधला तर शेजाऱ्यास तो डोळ्यांनी दिसतो.

परतल्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत या वहीचे वाचन व्हावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभांपैकी एखादी त्यासाठी सहज साधता येईल. जाताना ज्यांनी प्रश्न दिले होते त्यांस उत्तरे मिळावीत. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तेही सांगावे. पंचायत सदस्यांनी हा वृत्तान्त दप्तरी ठेवावा, शिक्षकांनी त्यातील एक-दोन गोष्टी वर्गात सांगाव्यात आणि तालुका कृषि अधिकाऱ्यांनी वर्षभराने प्रयोगाच्या जागी जाऊन पाहावे. पुढील वर्षी निवड होणाऱ्या शेतकऱ्यास हीच वही प्रथम वाचावयास द्यावी, म्हणजे त्याचे प्रश्न पहिल्याने जेथे सोडले तेथून सुरू होतील.

अशी व्यवस्था उभी करण्यास नवी योजना वा वेगळा निधी लागत नाही. एक वही, दहा प्रश्न आणि ग्रामसभेतील अर्धा तास एवढ्यावर ती चालू शकते. जिल्ह्यातून पुढील दौऱ्यासाठी जे शेतकरी अर्ज करतील, त्यांच्या गावांनी हे काम अर्ज भरतानाच हाती घ्यावे.